जुने दोन, नवे दोन

लल्ला मन्नानाला आजवर लोकांनी मानानं 'लल्ला' म्हणता म्हणता फटकळ म्हटलं होतं, हेकट म्हटलं होतं, एका नणंदेनं तर भर लग्नात तोंडाची तोफ म्हटलं होतं. त्यातलं काही तिला फारसं लागलं नाही, कारण त्यातलं काही खोटं नव्हतं. पण ईदच्या पाहुणचाराला राजधानी रबातहून तेतवानला आलेली विहीण, लल्ला नफीसा, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत साखरेच्या आवाजात म्हणाली, "तुमच्याकडचं दुपारचं जेवण फार छान असतं हो, लल्ला मन्नाना. एकदा जेवलं की रात्रीची चूल पेटवावीच लागत नाही." तेव्हा मात्र मन्नानानं उचललेला घास परत ठेवला.

ही नफीसा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. जन्मभर घंटा वाजवून पोरं आत घ्यायची आणि घंटा वाजवून बाहेर सोडायची, यापलीकडं बाईला दुसरा व्यायाम नाही. मन्नाना शाळेत गेली होती ती दोन हिवाळे, तेही मशिदीच्या ओट्यावर. तिथं घंटा नव्हती. भूक लागली की शाळा सुटायची.

एवढ्यावर भागलं असतं तर मन्नानानं तो टोमणा गिळला असता आणि पुढच्या भेटीत व्याजासकट परत केला असता. पण सून वियाम हिचे दिवस भरत आले होते, आणि विहिणीनं फोनवरून नवीनच काढलं. बाळाचा सातवा दिवस, नाव ठेवायचा सोहळा, तिला रबातला करायचा होता, भाड्याच्या हॉलमध्ये. "कार्डावर वेळ छापता येते, आणि छापलेल्या वेळेला जेवण येतं," असं तिचं म्हणणं.

मन्नानाच्या पायाखालचं तेतवान सरकलं. घराण्यातलं पहिलं नातवंड, आणि त्याचं नाव परक्या गावातल्या हॉलमध्ये ठेवायचं? चौकात बायकांना कुठं बसवायचं, कोणत्या जावेला मुद्दाम खांबाच्या मागं बसवायचं, ढोलकीवाल्या कुठल्या बोलवायच्या, हे सगळं तिनं सुनेला दिवस गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं होतं.

"लल्ला नफीसा," ती फोनवर म्हणाली, "आमच्या घरात जेवण वेळेवर होत नाही असं तुमचं म्हणणं आहे का?"

"मी कुठं म्हणाले? मी एवढंच म्हणते, की होईल तेव्हा बघू."

"मग येत्या शुक्रवारी बघा. रवा, सात भाज्या, मांस, अख्खी कुसकुस दोन वाजता टेबलावर असेल."

"दोन म्हणजे दोन?"

"दोन म्हणजे दोन."

"असली, तर सातवा दिवस तेतवानला. माझा शब्द. नसली, तर रबातला, आणि मग कुरकुर ऐकून घेणार नाही."

फोन ठेवला. दोघींनी सगळं बोलून घेतलं, पण आमच्या गावातलं शेंबडं पोरही जे विचारतं तेच विचारायचं राहिलं. जुने दोन, की नवे दोन?

सरकारनं घड्याळाचा काटा तासभर पुढं ढकलून ठेवला, तेव्हापासून तेतवानच्या जुन्या गल्ल्यांत दोन वेळा नांदतात, एका घरात दोन सवती नांदाव्यात तशा. कचेरी, शाळा आणि बस नव्या वेळेनं चालते. भट्टीवाला, न्हावी आणि म्हातारे नवरे जुन्या वेळेनं. रमजान आला की सरकार स्वतःच काटा महिनाभर मागं घेतं आणि ईद झाली की पुन्हा पुढं ढकलतं, त्यामुळं म्हाताऱ्यांना वाटतं की आपलंच खरं होतं. म्हणून कुणी 'चारला ये' म्हणालं की समोरचा विचारतो, जुने की नवे. पण विहिणीला हे विचारणं म्हणजे आपण गल्लीतल्या आहोत हे कबूल करणं, असं मन्नानाला वाटलं. नफीसाला काय वाटलं ते पुढं कळेलच.

फोन बंद झाल्यावर वियामनं उत्साहानं हात चोळले. ती विमा कंपनीत कामाला. तिथं नुकताच एक टाय लावलेला माणूस येऊन 'वेळेचं नियोजन' शिकवून गेला होता, आणि तेव्हापासून ती कुणाला तरी नियोजित करायला शोधतच होती.

"लल्ला, मला एवढा आठवडा द्या. दिवसाचे तुकडे करायचे. एका तुकड्यात एकच काम. घंटा झाली की काम बंद, पुढचा तुकडा."

"दिवस म्हणजे काय खरबूज आहे?"

"आणि जे काम महत्त्वाचं नाही ते सोडून द्यायचं."

"ते मी लग्नापासून करतेय," मन्नानानं दिवाणावर आडव्या झालेल्या नवऱ्याकडं बघून सांगितलं.

नवरोबांनी, म्हणजे सी तुहामींनी, कूस बदलली. ते पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडं वेळ इतका साचला होता, की त्यांना नियोजन नको, गोदाम हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. मन्नानाला अक्षर लावून लावून वाचावं लागतं हे सुनेला माहीत, म्हणून तिनं प्रेमानं चित्रं काढली होती. झाडू, कांदा, भांडं, भट्टी. सगळ्यात खाली पाय वर करून पडलेली एक जाडी बाई.

"ही कोण?"

"तुम्हीच, लल्ला. तो तुमचा आरामाचा तुकडा."

"आणि ती दात का काढतेय?"

वियाम म्हणाली, "समाधानानं." मन्नानाला आपलं समाधान एवढं जाड असेल असं वाटलं नव्हतं. शेजारच्या कुणी बघू नये म्हणून तिनं त्या बाईवर मोरोक्कन संत्र्याचं स्टिकर चिकटवून टाकलं.

वेळापत्रक नव्या वेळेचं. आणि घरात वेळ सांगणारं एकच शहाणं घड्याळ, बैठकीतलं लंबकाचं, जुन्या वेळेचं. कारण सी तुहामींचा बाणा असा, की सूर्य सरकारी नोकर नाही. म्हणजे झाडू कधी घ्यायचा हे कळायला आधी गणित करायचं. मिळवायचा की वजा करायचा, यात मन्नानाचा गोंधळ झाला. पहिल्या दिवशी तिनं मिळवायच्या जागी वजा केला आणि सगळाच दिवस दोन तास घसरला. सी तुहामींना दुपारचा मसूर मिळाला तो चहाच्या वेळी, आणि त्याआधी भूक लागली तेव्हा फ्रिजवरचं चित्र दाखवण्यात आलं.

"मला चित्र नको, भाकर दे," ते म्हणाले.

"तुमचा तुकडा अजून यायचाय."

अशी भानगड बघून वियामनं दुसरा उपाय काढला. मन्नानाच्या फोनमध्ये तिनं स्वतःचा आवाज भरून ठेवला. वेळ झाली की फोनच बोलणार. वाचायला नको, गणित नको. मन्नानानं फोन नेहमीप्रमाणं छातीशी, झग्याच्या आत ठेवला, आणि तिथून सून बोलायला लागली.

त्याच सकाळी शेजारची रहीमो दारात आली. रहीमो आणि मन्नाना एका भिंतीच्या दोन बाजूंना म्हाताऱ्या झाल्या. रोज सकाळी ती येते, चहा होतो, गल्लीचा निकाल लागतो. पण तेव्हाच झग्यातून हाक आली, "लल्ला, झाडू."

"रहीमो, आत्ता माझा झाडूचा तुकडा चाललाय," मन्नाना अवघडून म्हणाली. "तू कांद्यात ये."

"मी कांद्यात येऊ?"

"कांदा चिरताना तोंड मोकळं असतं."

रहीमो आपलं दार आपटून आत गेली, म्हणजे काय समजायचं ते समजावं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की मन्नाना आता दातांच्या डॉक्टरासारखी वेळ देते. खाटकानं मांस बांधताना अदबीनं विचारलं, "लल्ला, पैसे आत्ता घेऊ की नंबर लावू?" ज्यांचं स्वतःचं काही धड चाललेलं नाही अशा सगळ्यांनी तिला सल्ले दिले. न्हावी म्हणाला, पहाटे उठावं. न्हाव्याची बायको म्हणाली, त्यांना स्वतःला उठवायला मी पाणी ओतते. कापडवाला म्हणाला, रोज रात्री दिवसाचा हिशेब मनात घ्यावा. मन्नानानं त्या रात्री घेतला, आणि संतापानं तिला झोप लागली नाही.

बुधवारी मातमाला जायचं होतं. मागच्या गल्लीतले म्हातारे लोहार वारले होते. बायका ओळीनं बसलेल्या, पठण संपलेलं, विधवा बाई तोंडावर ओढणी धरून हळूहळू हुंदके देतेय, खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी. आणि मन्नानाच्या छातीतून वियामचा प्रसन्न आवाज आला, "लल्ला, चणे भिजत घाला."

सगळ्यांच्या माना वळल्या. मन्नानानं छातीवर हात दाबला. आत सून दबली नाही. "लल्ला, चणे भिजत घाला."

विधवेनं डोळे पुसले. "घाला बाई, घाला," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाला चणे फार आवडायचे."

पलीकडं रहीमो भिंतीकडं तोंड करून खांदे हलवत होती. ते रडणं नव्हतं, हे मन्नानाला चांगलं माहीत होतं.

गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी कागद लागला. दुरुस्तीसाठी शुक्रवारी सकाळी नऊ ते अकरा पाणी बंद. रहीमोच्या नातीनं तो वाचून दाखवला. आता ऐन कुसकुसच्या सकाळी पाणी बंद म्हणजे काय ते ज्यानं कधी सात भाज्यांची माती धुतली नाही त्याला कळायचं नाही. मन्नानानं झगा सावरला, डोक्याला रुमाल आवळला आणि पाण्याच्या कचेरीत गेली. तिला फक्त एक शब्द विचारायचा होता.

तिथं नंबराचं यंत्र बंद होतं, म्हणून हातानं लिहिलेले नंबर मिळत होते, आणि नंबर लिहिणारा नाश्त्याला गेला होता. तो आल्यावर कळलं, की प्रश्न विचारायची खिडकी वेगळी. त्या खिडकीतला चष्मेवाला पोरगा एका बाईला समजावत होता, की तिच्या घराचं मीटर तिच्या घराचं नाही. मधूनच झग्यातून सून म्हणाली, "लल्ला, आता थोडा आराम." चष्मेवाल्यानं मान वर केली.

"आपण मला म्हणालात का?"

"माझी सून तुला ओळखत नाही," मन्नाना म्हणाली. "बाळा, उद्या पाणी नऊला जाणार ते जुन्या नऊला की नव्या?"

"सरकारी नऊला, लल्ला."

"म्हणजे नव्या."

"सरकारची वेळ एकच असते. जुनं-नवं काही नसतं."

"मग रमजानात ती परत का घेता? उसनी आणली होती का?"

मागच्या रांगेत लोक हसले. पोरगा लाल झाला आणि म्हणाला, तक्रार असेल तर पलीकडच्या इमारतीत लिहून द्यावी, ती इमारत सोमवारी उघडते. मन्नानानं त्याला दुवा दिली, की त्याच्या लग्नात नवरी नव्या वेळेला यावी आणि वऱ्हाड जुन्या. मग ती बाजारातल्या अर्ध्या भाज्या संपल्यावर बाजारात पोचली.

घरी येऊन तिनं शेवटचा इलाज केला. स्टूल घेतलं, बैठकीतल्या घड्याळाचा काटा तासभर पुढं केला आणि घरात वेळ एक केली. नफीसा राजधानीतली, शिकलेली, ती नव्या दोनलाच येणार यात शंका नव्हती. जुन्या वेळेचं घड्याळ दिसलं तर तिला वाटेल, मागासलेली माणसं. तिनं आत येऊन भिंतीकडं बघावं आणि नव्या वेळेचं घड्याळ तिच्याकडं बघून हसावं, एवढी एकच इच्छा.

शुक्रवार उजाडला. मन्नानानं घरातली एकूण एक बादली, घागर, परात भरून ठेवली. नऊ वाजले. नळ धो धो चालूच. ती थांबली, पुन्हा बघितलं, धो धो. "काम रद्द झालं असणार," ती म्हणाली. "माझ्या बोलण्यानं पोरगं घाबरलं." आणि त्या आनंदात तिनं सगळ्या भरलेल्या बादल्या चौकात ओतून फरशी आरशासारखी धुतली, कारण विहिणीची नजर आधी फरशीवर जाते. शेवटची बादली ओतून झाली, भोपळा कापला, गाजरांना माती, हात रव्यानं भरलेले, आणि नळानं एक खोकला काढून मान टाकली.

कचेरी नव्या वेळेची, हे खरं. पण पाण्याची कळ फिरवणारा माणूस याच गल्ल्यांतला. त्यानं नऊला पाणी बंद केलं होतं, त्याच्या नऊला.

मन्नाना स्वयंपाकघरात बसून राहिली. एकेक शेलकी शिवी मनात येत होती, पण शुक्रवार होता. तेवढ्यात दारात रहीमो दोन हातांत दोन घागरी घेऊन उभी.

"पाणी आणलंय," ती म्हणाली. "आत येऊ, की वेळ घ्यावी लागेल?"

"ये ना गं, मेले."

"नाही, मी विचारून घेते. आत्ता कांदा चाललाय की झाडू?"

"रहीमो, आज मला बोलू नकोस. आज मी तुझं ऐकून घेईन, आणि ते तुलाच सहन व्हायचं नाही."

रहीमोनं घागरी खाली ठेवल्या, बाह्या वर केल्या आणि गाजरं ओढली. भाज्या झाल्या. मग झग्यातली सून म्हणाली, "लल्ला, पाव भट्टीवर." कणीक अजून फुगायची होती, पण फोनला कोण सांगणार. मन्नाना फळी डोक्यावर घेऊन निघाली. भट्टीवाला बूसल्हाम यानं कापड उचललं, गोळ्याला बोट लावलं आणि कापड परत झाकलं.

"लल्ला, ही अजून झोपलीय."

"माझ्या वेळापत्रकात उठलीय."

"मग भट्टीत वेळापत्रक घालू की पाव?"

"नमाजाआधी भट्टी बंद होईल ना तुझी. घाल म्हणते ना."

त्यानं घातले. पाव बाहेर आले ते बशीसारखे सपाट. घरी येताना वाटेत भेटलेल्या प्रत्येक बाईनं फळीकडं बघितलं आणि प्रत्येकीनं सलाम फार प्रेमानं केला.

एवढं सगळं होऊनही, मन्नानाला कुणी कमी समजू नये. रवा तिनं तीनदा वाफवला, तीनदा परातीत मोकळा केला, लोण्याच्या हातानं एकेक दाणा सुटा केला, आणि पुरुष जुम्म्याची नमाज आटोपून दारात आले तेव्हा कुसकुसचा डोंगर टेबलाच्या मध्यावर वाफा टाकत होता, त्याच्या अंगावर भाज्या, पायथ्याशी चणे, शिखरावर मांस आणि परतलेल्या कांद्याची झालर. मुलगा नौफलच्या फोनमध्ये दोन वाजले.

"फोटो काढ," मन्नाना म्हणाली. "घड्याळासकट."

"आई, फोनचाच फोटो फोननं कसा काढू?"

"तुला शिकवलं कशाला मग?"

सगळे टेबलाभोवती बसले; मन्नाना दाराकडं तोंड आणि घड्याळाकडं पाठ करून. सी तुहामी, नौफल, वियाम पोटावर हात ठेवून. एक जागा रिकामी. मन्नाना त्या रिकाम्या उशीकडं बघून अशी हसली, की चित्रातल्या बाईनं तिच्याकडून शिकावं. शिस्तीची मुख्याध्यापिका उशिरा. आज तिला काय काय म्हणता येईल, याची तिनं मनात उजळणी केली. एक वाक्य फार चांगलं जमलं होतं, त्यात घंटा होती.

पण पाहुणी यायच्या आधी कुसकुसला हात लावायचा नाही. वियामनं आईला फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. लल्ला नफीसा रस्त्यात फोन उचलत नाही, तीही शिस्तच. वाफा कमी झाल्या. मांसावरची चकाकी गेली. सी तुहामींनी एक चणा उचलला, मन्नानानं तो त्यांच्या बोटांतून काढून परत ठेवला. नौफलला कचेरीत परत जायचं होतं, त्यानं साहेबाला फोन करून पोट दुखतंय म्हणून सांगितलं, आणि तेवढं खोटंही नव्हतं. रहीमोनं भिंतीवरून डोकं काढून विचारलं, "झालं का जेवण वेळेवर?" आणि उत्तर न घेता डोकं आत घेतलं.

डोंगराला वरून साय धरायला लागली तेव्हा मन्नानाचा धीर सुटला. थंड कुसकुस विहिणीपुढं ठेवायची, त्यापेक्षा विष ठेवलेलं बरं. तिनं आणि वियामनं मिळून मांस, भाज्या काढल्या, सगळा रवा पुन्हा चाळणीत घातला आणि चाळणी भांड्यावर चढवली. टेबल पुसून कोरडं. आणि तेव्हाच बैठकीतल्या घड्याळानं दोन ठोके दिले, दाराची कडी वाजली, आणि मनगट पुढं धरून लल्ला नफीसा आत आली.

"दोन," ती म्हणाली. तिनं टेबलाकडं बघितलं. "आणि टेबल?"

मन्नानानं घड्याळाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"ते पुढं गेलं होतं," सी तुहामी म्हणाले. "सकाळी मी नीट केलं."

त्यांच्याशी मन्नाना नंतर बोलणार होती, आणि बोलली.

"लल्ला नफीसा, आत्ता तीन वाजलेत. राजधानीत. जिथं तुम्ही राहता."

"पण जेवायला बोलावलं तेतवानात. तुमच्या गल्लीत जुनी वेळ चालते हे साऱ्या देशाला माहीत आहे. मी सकाळीच पोचलेय. गावाच्या दाराशी चहाच्या दुकानात बसून राहिले, एक चहा घेऊन, उपाशी. तुमची फजिती नको म्हणून मनगटावरचं घड्याळ मागं केलं. जन्मात पहिल्यांदा."

"आणि मी तुमच्यासाठी भिंतीवरचं पुढं केलं. स्टुलावर चढून. या गुडघ्यांनी."

"माझ्या दोनला टेबल रिकामं आहे, हे डोळ्यांनी दिसतंय. शब्द म्हणजे शब्द. सोहळा रबातला."

"माझ्या दोनला डोंगर होता या टेबलावर. या बापलेकांना विचारा, त्यांनी तासभर त्याचा नुसता वास घेतलाय. उशिरा आलेल्या पोराला तुमच्या शाळेत काय करायचे हो? बाहेर ठेवायचे, की वर त्यालाच बक्षीस द्यायचे?"

"मला शाळा शिकवू नका."

"तुम्ही मला घड्याळ शिकवू नका."

"मला त्या घड्याळाचं काय पडलंय," नफीसाचा आवाज एकदम फाटला. "पोरगी फोनवर सांगते, आई, खावंसं वाटत नाही. नऊ महिन्यांची पोटुशी, आणि मनगटं बघा तिची. मला वाटलं, वेळच्या वेळी पुढं आलं तर तरी खाईल. तिथं माझ्या डोळ्यांसमोर असेल तर मी भरवीन. तास गेला खड्ड्यात."

मन्नानानं सुनेकडं वळून बघितलं, आणि सून जागेवर नव्हती.

दोघी स्वयंपाकघराच्या दारात एकदमच पोचल्या, आणि दार अरुंद, म्हणून काही क्षण तिथंच अडकल्या. आत वियाम ओट्याशी उभी होती. चाळणीवरचं फडकं तिनं बाजूला केलं होतं. वाफ तोंडावर घेत ती हातानंच कुसकुस काढत होती, मुठीत गोळा वळत होती, रश्श्याच्या भांड्यात बुडवत होती आणि तोंडात टाकत होती. हनुवटीवर रस्सा, बाहीला भोपळा. तिनं दोघींकडं बघितलं. थांबली नाही.

"तुमचं भांडण होऊ द्या," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "मला भूक लागलीय."

मुख्याध्यापिका बाई दाराला टेकून राहिली. तिच्या पोरीनं आणखी एक गोळा वळला, मग आणखी एक. सपाट पावाचा तुकडा मोडला, रश्श्यात बुचकळला, तोही गेला. "हा पाव काय छान झालाय," ती म्हणाली, "रस्सा धरतो." मन्नानानं मांसाचा सगळ्यात मऊ तुकडा बोटांनी सोडवला आणि तिच्या मुठीत ठेवला. नफीसानं पिशवी खाली ठेवली, बाही वर केली आणि पोरीच्या हनुवटीवरचा रस्सा अंगठ्यानं पुसला.

"चौथी वाफ दिलीत का?" तिनं हळूच विचारलं.

"तुमच्यामुळं द्यावी लागली."

"इतकी हलकी मी कुठं खाल्ली नाही." तिनं चाळणीतून चिमूटभर उचलून तोंडात टाकली, मग चांगली मूठभर. ती सकाळपासून एका चहावर होती.

बराच वेळ तिघी उभ्यानंच खात राहिल्या. बैठकीतून सी तुहामींनी दोनदा खाकरून बघितलं, पण त्यांच्याकडं कुणाचं लक्ष जायला आज तरी सवड नव्हती.

"होऊ द्या मग सातवा दिवस इथंच," शेवटी नफीसा बोटं चाटत म्हणाली. "पण लोकांना वेळ कुठली सांगायची ते आत्ता ठरवू. जुनी की नवी, मला पुन्हा चहाच्या दुकानात बसायचं नाही."

"कुठलीच नाही," मन्नाना म्हणाली. "अस्रची, दुपार कलल्यावरची, अजान झाल्यावर या, म्हणून सांगायचं. ती सूर्य बघून होते, कचेरीतून सुटत नाही."

"झाल्यावर म्हणजे किती वेळानं?"

"यायचं त्यांनी यावं. पोरीला आधी वाढून होऊ दे. मग बाकीच्यांचं बघू."

नफीसानं पोरीच्या हलणाऱ्या गालाकडं बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ सोडून तिनं पिशवीत टाकलं आणि हात परत चाळणीत घातला.